मुलांना तयार तक्ते देऊ नका

सहावी-सातवीच्या गणितात स्तंभालेखाचा धडा आला की प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. एक तक्ता छापलेला असतो. त्यात पाच गावे आणि त्यांची लोकसंख्या, नाहीतर पाच खेळ आणि ते आवडणाऱ्या मुलांची संख्या. खाली प्रमाणही दिलेले असते. मुलाने आलेख कागदावर दोन अक्ष काढायचे, सारख्या रुंदीचे आणि सारख्या अंतरावरचे स्तंभ उभे करायचे, नावे लिहायची, रंग भरायचे. हे नीटनेटके झाले की पूर्ण गुण. सुबक आकृती काढता येणे हेही कौशल्यच आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या तक्त्याच्या आधी जे घडायला हवे, ते सारे पुस्तक लिहिणाऱ्याने परस्पर उरकलेले असते. मोजायचे काय, कधी, कुठल्या एककात. कोणाला कुठल्या गटात टाकायचे. ज्याने उत्तरच दिले नाही त्याचे काय करायचे. दोनदा मोजल्यावर दोन उत्तरे आली तर कोणते धरायचे. हे प्रश्न मुलापर्यंत पोचतच नाहीत. मुलाला आकडा भेटतो तो आभाळातून पडल्यासारखा. असा आकडा पुढे आयुष्यभर आभाळातूनच पडत राहतो, मग तो महागाईचा असो, मतदानाचा असो की एखाद्या टूथपेस्टच्या जाहिरातीतला. आलेख शिकवायचा तर सुरुवात आलेखापासून करू नये, मुलांना आधी स्वतःचे आकडे गोळा करायला लावावेत, असे माझे म्हणणे आहे. आणि रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांकडे पाहिले, तर त्यासाठी लागणारे साहित्य शाळेच्या दाराशी पडले आहे.

पेणच्या गणपतीचेच घ्या. पेण शहर, हमरापूर, जोहे या भागातल्या कारखान्यांतून दर वर्षी लाखो मूर्ती बाहेर पडतात आणि तिथल्या बऱ्याच मुलांच्या घरात कोणी ना कोणी या कामात असतेच. या मुलांना प्रश्न द्यावा: आपल्या गावात शाडूच्या मूर्ती जास्त होतात की प्लास्टरच्या? प्रश्न सोपा वाटतो. मोजायला बसले की त्याचे पदर सुटू लागतात. मूर्ती मोजायच्या की कारखाने? साच्यातून काढलेली, अजून हात न जोडलेली मूर्ती धरायची का? रंग न देता कच्चीच परगावी जाणारी मूर्ती पेणची म्हणायची का? फाल्गुनात मोजले तर एक चित्र दिसेल आणि श्रावणात दुसरे, कारण तोवर निम्मा माल गाड्यांत भरून गेलेला असतो. सहा इंची मूर्ती आणि सहा फुटी मूर्ती दोन्ही 'एक' मानल्या तर शाडूचा स्तंभ कदाचित उंच दिसेल. लागलेल्या मालाचे वजन धरले तर तोच स्तंभ खुजा होईल. आलेख दोन्ही खरे. दोघांत खोटे कोणीच बोललेले नाही, फक्त मोजण्याची रीत वेगळी निवडली आहे. प्लास्टरवर बंदी असावी की नसावी हा वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि त्यात दोन्ही बाजू आकडे देत राहिल्या. सातवीतल्या मुलाने एकदा तरी अशी मोजणी केली असेल, तर तो आकडा ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारेल की हे मोजले कसे. माझ्या मते शालेय संख्याशास्त्राचे अर्धे काम या एका प्रश्नात होते.

त्याच कारखान्यातून ओल्या शाडूचा एक गोळा मागून आणता येतो. रोज एका ठरलेल्या वेळी तो किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवायचा आणि वजन लिहायचे. पहिल्या दिवसांत वजन भराभर उतरते, मग उतार मंद होतो आणि शेवटी रेघ जवळजवळ आडवी होते. हाच प्रयोग मार्चमध्ये आणि जुलैमध्ये केला, की दोन वक्ररेषांमधल्या अंतरात कारागिराची पावसाळ्यातली सगळी चिंता दिसते. पावसाळ्यात मूर्ती वाळता वाळत नाहीत हे मुलाला ठाऊक असतेच. ते किती, हे त्याने पहिल्यांदा कागदावर पाहिलेले असते.

पेणच्या खारेपाटात याहून मोठा खजिना आहे, तो भरती-ओहोटीचा. समुद्राचे पाणी अडवून शेत राखणारे बांध, पाणी सोडायच्या उघाड्या, उधाणाला बांध फुटण्याची धास्ती, हे सारे तिथल्या घरांत रोजच्या बोलण्यात असते. जुन्या माणसांकडे एक हिशेबही असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हे सूत्र मुलांना नुसते सांगून 'आपल्या पूर्वजांचे ज्ञान' म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे, आणि अंधश्रद्धा म्हणून उडवून लावणेही तितकेच सोपे. शाळेने तिसरी गोष्ट करावी: ते तपासावे. उघाडीजवळच्या एखाद्या खांबावर खुणा कराव्यात आणि मोठ्या माणसाच्या सोबतीने एक पंधरवडा पाणी सर्वांत वर कधी आले त्याची वेळ लिहावी. आडव्या अक्षावर तिथी, उभ्या अक्षावर वेळ. ठिपके साधारण चढत्या रेषेत जातील आणि सूत्र बरेचसे खरे ठरेल. मग बारकावे सुरू होतील. पौर्णिमेला सूत्र सव्वाअकरा सांगते आणि दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, पाऊण. म्हणजे एका दिवसात एकदम दीड तासाची उडी. असे का? कारण पंधरा तिथ्यांत भरतीची वेळ बारा तासांनी पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटे. सूत्र धरते ४५. रोजची तीन मिनिटे साठत जाऊन पंधरवड्याअखेर पाऊण तासाची तूट पडते. सहावीतल्या अपूर्णांकांना इतके खरे काम क्वचितच मिळत असेल. शिवाय ठिपके सरळ रेषेत नेमके बसणार नाहीतच. उधाणाच्या दिवसांत भरती रोज थोडीच उशिरा येते आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत जास्त, त्यामुळे रेषेला हलका बाक येईल. खाडीच्या आत असलेल्या गावात पाणी किनाऱ्यापेक्षा उशिरा चढते, म्हणून सगळी रेषाच वर सरकलेली दिसेल. एका पंधरवड्याच्या पंधरा ठिपक्यांत चंद्र, अपूर्णांक, भूगोल आणि आजोबांचा हिशेब एकत्र येतात. तयार तक्त्यातून हे कधीही येणार नाही, कारण तक्ता छापणाऱ्याला ते गाव माहीत नसते.

रोह्याकडे पाण्याचीच पण वेगळी गोष्ट आहे. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्रातून निघणारे मुळशी धरणाचे पाणी तिच्यात येते. कोलाडजवळ पुलावर उभे राहून, पाण्यात न उतरता, दगडी खांबाच्या किती थरांपर्यंत पाणी आले एवढे जरी मुलांनी दर तासाला लिहिले, तरी आलेखात पायऱ्या उमटतील. पावसाने नदी चढते तेव्हा रेषा जशी दिसते तशी ही दिसत नाही. भिऱ्याला कोणीतरी यंत्र सुरू केले आणि इथे आलेखात पायरी आली, हे कळणे म्हणजे कार्यकारणाचा पहिला धडा.

आणि पाऊस तर दोन्हीकडे आहे, तोही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. पर्जन्यमापक विकत आणण्याची गरज नाही. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली गळ्याखाली कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून त्यात खडे टाकून भिंत सरळ होते तिथपर्यंत पाणी भरायचे आणि तिथे शून्याची खूण करायची. पट्टी चिकटवली की झाले. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खाते मोजते त्याच वेळी, वाचन घ्यायचे आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचे. पहिल्याच आठवड्यात वाद होतो: रुंद तोंडाच्या डब्यात जास्त पाऊस भरेल की अरुंद बाटलीत? बहुतेक मुले डबा म्हणतील. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की उंची जवळपास सारखीच भरते, आणि मिलिमीटर हे पावसाचे माप का असू शकते ते उलगडते. पुढे एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी हा हिशेब आला, की मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीतली मुले आपल्या शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून जाते ते स्वतःच काढतील. हा नुसता शाळेतला खेळ नाही. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारी भाषेत अतिवृष्टी ठरते आणि नुकसानभरपाईचा विचार सुरू होतो. मंडळाचे मापक मात्र एका ठिकाणी असते, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला दोन-तीन कोसांवर पाऊस पार बदलतो. मुलांच्या बाटलीने पंचनामे होणार नाहीत, होऊही नयेत. पण एक आकडा आपल्या गावाचे नशीब ठरवतो आणि तो कुठेतरी, कोणीतरी, काही रीतीने मोजलेला असतो, एवढे त्या गावच्या मुलांना ठाऊक असायला नको काय? २०२१ मध्ये महाड तालुक्यातल्या तळिये गावावर आणि २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. या जिल्ह्यात पाऊस मोजण्याची सवय ही चैन राहिलेली नाही.

संख्याशास्त्राचा विचार करताना रोह्याचा एक जुना धागा आठवायला हवा. चिंतामणराव देशमुख हे रोह्याच्या देशमुख घराण्यातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेलेले आणि देशाचे अर्थमंत्री, हे सर्वांना माहीत असते. ते १९४५ ते १९६४ अशी जवळजवळ वीस वर्षे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, आणि राष्ट्रीय नमुना पाहणी व केंद्रीय सांख्यिकी संघटना त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या आगेमागे उभ्या राहिल्या, हे फारसे आठवले जात नाही. या पाहण्यांचे शिल्पकार प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांचा एक आग्रह शाळेत जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे. एकाच भागाची पाहणी ते दोन स्वतंत्र तुकड्यांकडून करवून घेत आणि दोघांची उत्तरे ताडून पाहत. दोन्हींत फरक पडला तर त्यातून चुकीचा अंदाज मिळे. कोट्यवधी माणसांच्या देशाचे आकडे ज्या रीतीने पारखले गेले, ती रीत वर्गात राबवायला दोन गट आणि दोन वह्या पुरतात. दोन्ही गटांनी एकमेकांना न विचारता हमरस्त्यावरच्या नव्हे, तर शाळेच्या वाटेवरच्या पाणी साचलेल्या खड्ड्यांची मोजणी करावी. उत्तरे वेगळी येतील, आणि 'खड्डा म्हणजे नेमके काय' यावर जे भांडण होईल, तो त्या दिवसाचा तास. (मुंबई-गोवा महामार्गावरच्या खड्ड्यांचा विषय मी मुद्दाम टाळतो. पनवेल ते इंदापूर हे काम २०११ मध्ये सुरू झाले. तो आलेख काढायला एक पिढी पुरायची नाही.)

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे: वेळ कुठून आणायचा? शिक्षक आधीच माहिती भरण्याने पिचलेले आहेत. यूडायस, सरल, पोषण आहाराची रोजची नोंद, निरनिराळी ॲप, आणि आता २०२७ च्या जनगणनेचे काम. हे सगळे खरे आहे. पण या तक्रारीतच माझा मुद्दा दडलेला आहे. शाळेइतके आकडे गावात दुसरे कोणी गोळा करत नाही, आणि ते सगळे वर जातात. हजेरी, वजन-उंची, ताटात पडलेला भात, सारे कुठल्यातरी पडद्यावर भरले जाते आणि शाळेत त्याचा मागमूस उरत नाही. शिक्षकाला ते ओझे वाटते कारण त्यातून त्याला परत काहीच मिळत नाही. त्यातल्या एकाच नोंदीचा आलेख मुलांनी भिंतीवर काढला, तर कामात भर पडत नाही. झालेले काम पहिल्यांदा शाळेच्या उपयोगी पडते. वेळेचे म्हणाल तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दप्तराविना दिवस सांगितले आहेत. पावसाच्या वाचनाला रोज दोन मिनिटे लागतात आणि ती मुलेच घेतात. शिवाय पुस्तकातला धडा टाळायचा नाहीच. सहावीचा स्तंभालेख, आठवीचा विभाजित स्तंभालेख, दहावीचे मध्य, मध्यक, बहुलक हे सगळे तसेच शिकवायचे, फक्त छापील तक्त्याच्या जागी वर्गाचा तक्ता ठेवायचा. दिवा-रोहा गाडी महिनाभर किती मिनिटे उशिरा आली याची यादी घ्या. एखाद्या दिवशी ती तीन तास रखडली की सरासरी एकदम वर जाते आणि मध्यक जागचा हलत नाही. दोन्हींतला फरक मग व्याख्या पाठ न करता कळतो, आणि रोजच्या प्रवाशाने कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवावा हेही कळते.

दुसरा आक्षेप असा की आलेख हल्ली मोबाइलही काढून देतो, हाताने काढायचे दिवस गेले. काढण्यापुरते ते खरे आहे. यंत्र स्तंभ उभे करते, पण स्तंभ करावेत की रेषा काढावी, उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा की पन्नासपासून, 'इतर' नावाच्या डब्यात कोणाला कोंबावे, हे ते विचारीत नाही. आपल्या सवयीप्रमाणे ठरवून टाकते. १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअरने पहिला स्तंभालेख छापला तो हौसेने नव्हे. स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, वर्षानुवर्षांची रेषा काढण्याइतकी सामग्रीच नव्हती, म्हणून त्याने देशागणिक पट्ट्या काढल्या. कोणता आलेख काढायचा हे हातातली सामग्री ठरवते, आणि ती कशी आली हे ठाऊक असलेल्यालाच ते उमगते. हाताने दहा आलेख काढलेल्या मुलाने अकरावा खुशाल मोबाइलवर काढावा.

तिसरा आक्षेप: मुलांचे आकडे चुकीचे असतात. असतातच. एकाच बाकाची लांबी दहा मुलांनी मोजली तर चार-पाच वेगळी उत्तरे येतात. पण हा दोष मानायचा की शिकवण्याचा विषय? आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या प्रयोगवह्या आठवा. उत्तर आधी ठाऊक असते, मग वाचने त्याच्याकडे वळवून घेतली जातात, आणि ज्याची वाचने सर्वांत देखणी त्याला सर्वांत जास्त गुण. वर्षानुवर्षे आपण मुलांना आकडे रचायला शिकवले आहे आणि त्याला विज्ञान म्हटले आहे. हे कठोर वाटेल, पण मला ते तसेच वाटते. भरतीच्या वेळेला, पावसाच्या पातळीला, वाळणाऱ्या शाडूला पुस्तकात छापलेले उत्तर नसते, म्हणून तिथे वळवून घेण्याजोगे काही नसते. अट एकच: राहून गेलेल्या दिवसाची जागा रिकामी ठेवण्याची मुलाला मुभा हवी आणि त्या रिकाम्या जागेबद्दल गुण कापले जाता कामा नयेत. ज्या वहीत एकही दिवस चुकलेला नाही, त्या वहीकडे शिक्षकाने जरा संशयाने पाहावे.

चौथा आक्षेप फारसा कोणी घेत नाही, म्हणून मीच घेतो. मुलांना माणसांची माहिती गोळा करायला लावणे धोक्याचे आहे. कोणाच्या घरी शौचालय नाही, कोणाचे वडील दारू पितात, कोणाची जात काय, उत्पन्न किती, हे वर्गातल्या फळ्यावर स्तंभ होऊन उभे राहिले तर त्या स्तंभाखालचे मूल कोणते हे सर्वांना कळते. पेण आणि रोह्यातल्या अनेक शाळांत कातकरी वाड्यांवरची मुले आहेत. दिवाळीनंतर त्यांची कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि हजेरीपट रिकामा होऊ लागतो. महिनावार हजेरीचा आलेख काढला तर ती दरी ठळक दिसेल, आणि तो आलेख शाळा व्यवस्थापन समितीसमोर मांडावा, इतका तो मोलाचा आहे. पण तो काढताना नावे नसावीत, वाडीचे नावही नसावे, आणि प्रश्न 'कोण गैरहजर' असा नसून 'कोणत्या महिन्यांत शाळेने काही वेगळे करायला हवे' असा असावा. लहान वर्गांनी तर माणसे मोजूच नयेत. पाऊस, पाणी, पाने, पक्षी, बाजारातले भाव, गाड्यांच्या वेळा एवढे त्यांना भरपूर आहे. माणसांची पाळी आठवीनंतर यावी, तीही त्यांना विचारून.

हे सारे भाबडे स्वप्न आहे, आपल्या सरकारी शाळांत असे काही चालत नाही, असे कोणी म्हणेल. चालले आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा सरकारी उच्च प्राथमिक शाळांत विज्ञानाचा एक कार्यक्रम सुरू झाला, पुढे तो जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेरच्या शेकडो शाळांत पोचला. मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे नोंदवत, फासे टाकून संभाव्यता शिकत, आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसत, कारण उत्तर पुस्तकात नसून त्यांच्या वहीत असे. तीस वर्षे तो चालला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. त्यातून कोणी असे अनुमान काढील की ही पद्धत टिकत नाही. मला त्यातून एवढेच दिसते की साध्या शाळांत, साध्या शिक्षकांकडून ती तीस वर्षे राबवता येते आणि शासनाच्या एका आदेशाने मोडता येते. आपल्याकडेही राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून मुलांकडून गावातल्या प्रश्नांवर प्रकल्प करून घेते. पण तिथवर शाळेतली निवडक चुणचुणीत मुले पोचतात. मला हवे आहे ते मागच्या बाकासाठी.

मात्र हाताने करणे म्हणजे आपोआप शिकणे, असाही भ्रम नको. त्याचा धडा पेण तालुक्यातल्याच एका नावाशी जोडलेला आहे. विनोबा भावे गागोद्याचे. गणित हा त्यांचा लाडका विषय होता, आणि सूतकताईकडेही ते मोजूनमापून, वेळ लावून पाहत. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली तेव्हा कल्पना अशी होती की टकळी फिरवताना मूल तार मोजेल, सुताचा क्रमांक काढेल, कापसाचा भाव आणि मजुरी यांचा हिशेब करील आणि त्यातून गणित, भूगोल, अर्थशास्त्र उलगडत जाईल. जिथे विचार करणारा शिक्षक होता तिथे ते झालेही. पण बहुतेक ठिकाणी टकळी उरली आणि प्रश्न गेला. तासाला ठरावीक सूत कातणे हा एक विधी झाला, आणि पुढे 'कार्यानुभव' नावाच्या तासात तो कागदी फुलांपर्यंत येऊन ठेपला. माहिती गोळा करण्याच्या उपक्रमांचेही असेच व्हायला वेळ लागणार नाही. चकचकीत कागदाचे स्तंभ कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, अधिकाऱ्यांच्या भेटीदिवशी भिंतीवर लावायचे, फोटो काढून गटावर टाकायचा, की उपक्रम संपन्न. म्हणून कसोटी आलेखाच्या देखणेपणाची नको. मुलाला विचारावे: हा आकडा कोणी मोजला, कधी मोजला, तुझ्या शेजारच्या गटाचा वेगळा का आला, आणि हा आलेख पाहून तुला आता आणखी काय मोजावेसे वाटते? या चारपैकी दोन प्रश्नांना उत्तर आले तरी उपक्रम फळला.

यासाठी नवी योजना, नवे नाव, नवे ॲप, यांपैकी काहीही नको. तसे काही आले तर हा उपक्रम पहिल्याच वर्षी मरेल. रायगड जिल्हा परिषदेने दोनच गोष्टी कराव्यात. पेण आणि रोह्यातल्या उच्च प्राथमिक शाळांना १ जुलैपासून रोज साडेआठला पावसाचे वाचन घ्यायला सांगावे, आणि महिन्याअखेर दोन्ही तालुक्यांतल्या शाळांनी आपापल्या वह्यांची एकमेकांशी अदलाबदल करावी. या वह्या जिल्ह्याला पाठवू नयेत, त्यांचा अहवाल मागू नये, त्यांचे क्रमांक लावू नयेत. दुसरे, सहामाही परीक्षेत स्तंभालेखाच्या प्रश्नाखालचा तक्ता कोरा ठेवावा आणि तिथे लिहावे: तुझ्या वर्गाने गोळा केलेली सामग्री घे. ज्या वर्गाकडे ती नसेल, त्या वर्गाच्या कोऱ्या तक्त्याचा जाब मुलांना विचारू नये.